विद्यापीठाच्या ग्रंथालयात दुर्मीळ ग्रंथ कसा मागावा आणि कसा वाचावा

मुंबई विद्यापीठाची फोर्टमधली ग्रंथालयाची इमारत आणि तिच्या माथ्यावरचा राजाबाई टॉवर बाहेरून पाहिलेले लोक असंख्य आहेत. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून आणि जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यावरून १८७८ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू पाहण्याजोगी आहेच. मात्र याच विद्यापीठाच्या संग्रहात संस्कृत, प्राकृत, अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांचा मोठा ठेवा आहे आणि रीतसर अर्ज करून तो वाचता येतो, हे मराठी अभ्यासकांपैकीही पुष्कळांच्या ध्यानात नसते. ज्यांच्या ध्यानात असते त्यांतले काही जण एखादे शीर्षक मनात धरून थेट जाऊन उभे राहतात आणि ‘संगणकावर दिसत नाही’ हे उत्तर घेऊन परततात. दोष बहुधा ग्रंथालयाचा नसतो. दुर्मीळ ग्रंथ शीर्षकावरून क्वचितच हाती येतो. तो क्रमांकावरून मागावा लागतो आणि तो क्रमांक वाचकाने आधीच शोधून न्यावा लागतो. पुढचे विवेचन मुख्यतः मुंबई आणि पुणे येथील संग्रह समोर ठेवून केले आहे. परंतु कामाची रीत इतरत्रही फारशी वेगळी नाही.

क्रमांक कोठून मिळवावा

ग्रंथालयाची संगणकीय सूची ही बहुतेक ठिकाणी अलीकडच्या छापील पुस्तकांची सूची असते. जुन्या संग्रहांची नोंद छापील वर्णनात्मक सूचींत, कार्डांच्या कपाटांत आणि दाखल नोंदवह्यांत विखुरलेली असते. मुंबई विद्यापीठापुरते बोलायचे तर तीन छापील सूची हाताशी असाव्यात. अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांची सूची शेख अब्दुल कादिर सरफराज यांनी केली व ती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. भगवतसिंहजी संग्रह आणि भडकमकर स्मारक संग्रह यांतील संस्कृत व प्राकृत हस्तलिखितांची सूची गो. वि. देवस्थळी यांची असून ती १९४४ ची आहे. आसफ अली असगर फैजी यांनी विद्यापीठाला दिलेल्या इस्माइली हस्तलिखितांची सूची मुइझ्झ गोरियावाला यांनी तयार केली; ती १९६५ मध्ये निघाली. संस्कृत ग्रंथ शोधायचा असेल आणि तो कोणत्या ग्रंथालयात आहे याचाच पत्ता नसेल, तर मद्रास विद्यापीठाने १९३५ मध्ये हाती घेतलेल्या ‘न्यू कॅटलॉगस कॅटलॉगोरम’ या प्रकल्पाचे खंड आधी उघडावेत. त्यांत ग्रंथनाम आणि ग्रंथकार यांच्या वर्णानुक्रमाने देशोदेशींच्या सूचींतील क्रमांक दिलेले असतात, त्यामुळे एकाच ग्रंथाच्या किती प्रती कोठे आहेत हे एका बैठकीत कळते.

वर्णनात्मक सूचीतली नोंद वाचणे हेही एक कौशल्य आहे. पत्रांची (म्हणजे पानांची) संख्या, पत्राचा आकार, दर पृष्ठावरच्या ओळी, दर ओळीतली अक्षरे, लिपी, काळ, आरंभ, शेवट आणि पुष्पिका (पोथीच्या अखेरीस लेखनिकाने लिहिलेला नाव, गाव, काळ यांचा मजकूर) असा तिचा साधारण क्रम असतो. नवखे अभ्यासक ओळींचे आणि अक्षरांचे आकडे वगळून पुढे जातात. वास्तविक प्रत पुरी आहे की अपुरी, हे प्रत न पाहता ताडून पाहण्याचे साधन त्याच आकड्यांत असते. बत्तीस अक्षरांचा, म्हणजे एका अनुष्टुभ श्लोकाएवढा, एक ‘ग्रंथ’ ही मोजणीची जुनी पद्धत आहे. समजा, नोंदीत ४८ पत्रे, दर पृष्ठावर ९ ओळी आणि दर ओळीत ३६ अक्षरे असे लिहिले आहे. पत्राला दोन पृष्ठे असतात म्हणून पृष्ठे ९६, ओळी ८६४, अक्षरे ३१,१०४. त्यांना ३२ ने भागले की ९७२ ग्रंथ येतात. मूळ कृती चौदाशे श्लोकांच्या आसपासची असल्याचे ठाऊक असेल, तर या प्रतीत जवळजवळ एक तृतीयांश भाग नाही, हे प्रवासाचा खर्च करण्यापूर्वीच समजते. अर्थात सूचीकाराने अक्षरांची सरासरी अंदाजाने दिलेली असते, त्यामुळे दहा-पंधरा टक्क्यांच्या फरकावरून निष्कर्ष काढू नये.

पुण्याच्या बाबतीत एक चकवा कायम लक्षात ठेवावा. ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर, पीटरसन प्रभृतींनी मुंबई सरकारसाठी जमवलेली हस्तलिखिते पूर्वी डेक्कन कॉलेजात ठेवलेली होती. १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाल्यावर १९१८ मध्ये हा सरकारी संग्रह तेथे हलवण्यात आला. त्यामुळे जुन्या संपादनांच्या प्रस्तावनेत ‘डेक्कन कॉलेजची प्रत’ असा उल्लेख आला, की वाचक येरवड्याकडे निघतो आणि ती पोथी असते विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या भांडारकर मंदिरात. या संग्रहातले क्रमांक वर्षासह लिहिले जातात, कारण दर वर्षी मिळालेल्या पोथ्यांना पुन्हा एकपासून क्रमांक दिला गेला. ब्यूलर यांच्या काश्मीरच्या दौऱ्यातल्या पोथ्या १८७५-७६ या वर्षाखाली येतात. नुसता आकडा टिपून वर्ष सोडले तर ती नोंद निरुपयोगी ठरते, कारण तोच आकडा अनेक वर्षांत आढळतो.

छापील मराठी पुस्तकांसाठी वेगळी वाट आहे. १८६७ च्या कायद्याने छापखान्यांची आणि पुस्तकांची नोंदणी सक्तीची झाली, सरकारकडे प्रती जमा होऊ लागल्या आणि त्यांच्या त्रैमासिक याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या. त्याआधीच्या मराठी छापील पुस्तकांना ग्रंथालयांच्या परिभाषेत ‘दोलामुद्रिते’ म्हणतात. या साऱ्यासाठी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ हाच आधार आहे. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५० या काळाचा आहे. ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी व गुजराती पुस्तकांची ब्लूमहार्ट यांनी केलेली १८९२ ची सूचीही पाहावी, कारण इथे नष्ट झालेल्या पुस्तकाची प्रत तिथे असण्याचा संभव असतो.

संगणकीय सूचीत शोध घ्यावाच लागला तर एकाच रूपावर थांबू नये. एकोणिसाव्या शतकातले लेखक पुष्कळदा आडनावाशिवाय नाव लावीत. १८३६ साली मराठी व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग हे तर्खडकर या आडनावाखाली, दादोबा या नावाखाली किंवा पांडुरंग या वडिलांच्या नावाखाली, असे तिन्ही ठिकाणी सापडू शकतात. सूचीकाराने वडिलांचे नाव आडनाव समजून घेतले असेल, तर ती त्याची चूक असली तरी शोध आपल्यालाच घ्यायचा असतो. रोमन लिप्यंतराचाही असाच गोंधळ आहे. ‘ज्ञ’ हे अक्षर कोणी डी-एन-वाय, कोणी जे-एन आणि हिंदी वळणाने कोणी जी-वाय असे लिहिलेले असते. देवनागरीत शोधताना जुन्या लेखनातले अनुस्वार आडवे येतात. ‘भाषेचें’ असे नोंदलेले शीर्षक ‘भाषेचे’ असे लिहून शोधल्यास काही प्रणालींत मिळत नाही. म्हणून शीर्षकातला अनुस्वार नसलेला एखादा ठळक शब्दच तेवढा टाकून पाहावा.

पत्र, परवानगी आणि वेळ

बाहेरच्या वाचकाला बहुतेक विद्यापीठ ग्रंथालये ओळखपत्र, मार्गदर्शकाचे किंवा विभागप्रमुखाचे पत्र आणि अल्प मुदतीच्या सभासदत्वाचे शुल्क मागतात. स्वतंत्र अभ्यासकाने एखाद्या संशोधन संस्थेचे किंवा सार्वजनिक ग्रंथालयाचे शिफारसपत्र न्यावे. पत्रात ‘संशोधनासाठी सहकार्य करावे’ एवढेच मोघम वाक्य असेल तर त्याचा उपयोग थोडा. संग्रहाचे नाव, सूचीतले क्रमांक, ग्रंथ नुसता वाचायचा आहे की छायाचित्रे हवी आहेत, आणि किती दिवस बसायचे आहे, हे सारे त्यात स्पष्ट लिहावे. ग्रंथपालांच्या दृष्टीने विचार केला तर हे सहज पटते: ज्याच्या अर्जात पाच नेमके क्रमांक आहेत तो गृहपाठ करून आलेला दिसतो आणि त्याच्या हाती पोथी देताना धाकधूक कमी वाटते.

निघण्यापूर्वी दूरध्वनी किंवा ईमेल करून दोन गोष्टी निश्चित कराव्यात. संग्रह सध्या नेमका कोठे ठेवला आहे, ही पहिली; मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय फोर्ट आणि कालिना अशा दोन परिसरांत आहे आणि चुकीच्या परिसरात गेल्यास अर्धा दिवस लोकलमध्येच जातो. दुसरी म्हणजे हवी असलेली प्रत वाचकांना देण्याच्या स्थितीत आहे का. डागडुजीसाठी किंवा डिजिटलीकरणासाठी बाहेर काढलेली प्रत महिनोन्‌महिने मिळत नाही. सूक्ष्मपट (मायक्रोफिल्म) किंवा डिजिटल प्रत उपलब्ध असेल तर ग्रंथालय आधी तीच देईल आणि ते योग्यच आहे. मूळ प्रत का हवी याचे कारण, उदाहरणार्थ समासातली फिकट टीप, कागदाचा प्रकार किंवा शाईचा फरक, सांगता आले तर पुढचा मार्ग मोकळा होतो.

पोथी समोर आल्यावर

पेन, पाण्याची बाटली, खाण्याचे पदार्थ आणि पिशवी बाहेर ठेवावी; शिसपेन, कोरे कागद, मोजपट्टी आणि परवानगी असल्यास लॅपटॉप एवढेच जवळ असावे. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. कागदाच्या पोथीसाठी हातमोजे घालण्याची प्रथा आता बऱ्याच ठिकाणी सोडून दिली आहे, कारण मोज्यात बोटांना पानाच्या कडेचा अंदाज येत नाही आणि जीर्ण कड फाटते. जुनी छायाचित्रे हाताळताना मात्र मोजे हवेत. बोटाला थुंकी लावून पान उलटण्याची सवय ज्यांना आहे त्यांनी ती दाराबाहेरच सोडावी. केवळ स्वच्छतेसाठी हे सांगत नाही. जुन्या पोथ्यांत चुकलेला मजकूर झाकण्यासाठी हरताळ वापरलेला असतो. पानावर जागोजाग दिसणारे ते पिवळे पट्टे आर्सेनिकच्या संयुगाचे असतात, म्हणून काम संपल्यावरही हात धुवावेत.

पोथी बासनात, म्हणजे कापडी गुंडाळीत, बांधलेली असते आणि बासन सोडताना ते कसे बांधले होते हे नीट पाहून ठेवावे. पाने सुटी असतात. एका वेळी एकच पान दोन्ही हातांनी उचलावे, वाचून झाले की डाव्या बाजूच्या गठ्ठ्यावर पालथे ठेवावे आणि क्रम कधीही मोडू नये. पत्रांक बहुधा पानाच्या मागच्या बाजूला, समासात असतो. डावीकडे वरच्या अंगाला ग्रंथनामाच्या संक्षेपासह आणि उजवीकडे खालच्या अंगाला पुन्हा एकदा. पहिल्या पानाची पुढची बाजू कोरी किंवा केवळ शीर्षकापुरती असल्यामुळे मजकूर ‘१ब’ म्हणजे पहिल्या पानाच्या मागच्या बाजूपासून सुरू होतो. पाने आधीच मागेपुढे झालेली आढळली तर ती आपण लावू नयेत. ग्रंथपालांना दाखवावीत आणि आपल्या टिपणात सापडलेला क्रम व योग्य क्रम असे दोन्ही लिहावेत. असा विस्कटलेला क्रमही पुढच्या अभ्यासकाला काही सांगून जातो.

शिळाप्रेसवर (दगडावरून छपाई करणाऱ्या लिथोग्राफवर) छापलेली पोथी हस्तलिखित समजून मागवली गेल्याचे प्रकार घडतात, कारण आकार, सुटी पाने, अक्षराचे वळण सारे पोथीचेच असते. पान तिरप्या उजेडात धरून पाहावे. हाताने लिहिलेल्या अक्षरात बोरू टेकल्याच्या आणि उचलल्याच्या जागी शाई दाट-विरळ होते, तर शिळाछापात ती सर्वत्र सारखी बसलेली असते. शेवटच्या पानावर छापखान्याचे नाव, बहुधा ‘गणपत कृष्णाजी यांचे छापखान्यात’ अशा धर्तीचे, मिळाले की शंका राहत नाही.

छापील पुस्तकांच्या बाबतीत वयावरून प्रकृतीचा अंदाज बांधू नये. १८४० च्या सुमाराचे, चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या कागदावरचे पुस्तक आजही लवचीक असते. १९०० च्या आसपासचे, लाकडाच्या लगद्याच्या आम्लयुक्त कागदावरचे पुस्तक नुसते उघडले तरी कडा भुग्यासारख्या गळतात. अशा पुस्तकाचा कणा सपाट दाबू नये. ठवणीवर किंवा दोन उशांच्या आधाराने ते अर्धेच उघडावे. कसर लागलेली दिसली, ताजा भुगा पडलेला आढळला, तर पुस्तक मिटून लगेच सांगावे.

काळ कसा ठरवावा

पुष्पिका आधी वाचावी, पण तिच्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. पाहिले तसे लिहिले, दोष माझा मानू नये, अशा अर्थाचे ठरावीक श्लोक लेखनिक सवयीने उतरवीत. त्यांतून काही निष्पन्न होत नाही. नाव, गाव, शक, संवत्सर, तिथी आणि कोणासाठी लिहिले, एवढे टिपावे. लेखनिकाने समोरच्या जुन्या पोथीची पुष्पिका शकासह जशीच्या तशी उतरवली असण्याची शक्यता नेहमीच असते. कागद आणि अक्षर अठराशेच्या पुढचे दिसत असून शक मात्र पंधराव्या शतकातला असेल, तर तो शक मूळ पोथीचा समजावा.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पण पौष, माघ, फाल्गुनात इंग्रजी वर्ष पालटलेले असले तर ७९ मिळवावे लागतात. पानिपतची लढाई शके १६८२ च्या पौष शुद्ध अष्टमीची. ७८ मिळवून १७६० येते, प्रत्यक्षात ती १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. ताळा पाहण्यासाठी साठ वर्षांच्या चक्रातले संवत्सराचे नाव कामी येते. शकात १२ मिळवून ६० ने भागावे. वरच्या शके १६८२ साठी बाकी १४ उरते आणि प्रभवापासून चौदावा संवत्सर विक्रम, तोच त्या शकाचा संवत्सर आहे. गुजरातकडच्या पोथ्यांत विक्रम संवत असतो, त्यातून कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ आणि पुढे ५६ वजा करावेत. मराठी मोडी कागदांत सुहूर सन ही कालगणना अरबी संख्यावाचकांनी लिहिलेली असते: ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात ११७२. हा सन मृगाच्या सुमारास सुरू होतो, म्हणून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि त्यानंतर ६०० मिळवावेत. ११७२ चे उत्तर १७७१-७२ येते. हे कोष्टक पाठ करण्याची गरज नाही, पण एका कागदावर लिहून जवळ ठेवले तर वाचनकक्षातला वेळ वाचतो.

घरबसल्या काय मिळते

ग्रंथालयात जाण्याआधी ‘शोधगंगा’ या प्रबंधभांडारात आपल्या विषयाचे प्रबंध पाहावेत. प्रबंधातले प्रतिपादन पटो वा न पटो, त्याच्या संदर्भसूचीत त्या अभ्यासकाने पाहिलेल्या हस्तलिखितांचे क्रमांक असतात आणि तेच आपल्याला हवे असतात. विद्यापीठांच्या एकत्रित सूचीसाठी इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांच्या जाळ्याची ‘इंडकॅट’ आहे. जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेखाली सरकारी उच्च शिक्षण संस्थांना तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके खुली झाली आहेत, त्यामुळे जुन्या संशोधनपत्रिकांसाठी आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आधी चौकशी करावी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. परदेशातल्या मराठी वाचकांना आणखी एक सोय आहे: १९६२ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने भारतात पुस्तके खरेदी करून तिथल्या विद्यापीठांना पुरवली, म्हणून साठ-सत्तरच्या दशकांतली जी मराठी पुस्तके इथे शोधून सापडत नाहीत ती तिकडच्या कपाटांत सुस्थितीत मिळतात. आणि फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा अभ्यास करणाऱ्याला लंडनकडे पाहावेच लागते, १६१६ मध्ये राचोल येथे छापलेल्या आवृत्तीची एकही प्रत उरलेली नाही आणि देवनागरी हस्तलिखित लंडन विद्यापीठाच्या प्राच्य व आफ्रिकी अभ्यास संस्थेतल्या मार्सडेन संग्रहात आहे.

छायाचित्रे आणि संदर्भ

परवानगी मिळाल्यास फ्लॅश बंद ठेवूनच छायाचित्रे घ्यावीत. दर ग्रंथाचे पहिले छायाचित्र दाखलांक (ग्रंथालयाच्या नोंदवहीतला क्रमांक) लिहिलेल्या चिठ्ठीचे असावे आणि दर पानासोबत मोजपट्टी चौकटीत यावी. सहा महिन्यांनी शेकडो पिवळट पानांतून कोणते कोणत्या पोथीचे हे दुसऱ्या कशावरूनही ओळखता येत नाही. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे भारतात स्वामित्वहक्क चालतो, म्हणजे १९६४ मध्ये निधन पावलेल्या लेखकाचे साहित्य १ जानेवारी २०२५ पासून मुक्त झाले. तरीही ग्रंथालयातल्या प्रतीचे छायाचित्र छापायचे असेल तर त्या ग्रंथालयाची वेगळी लेखी परवानगी घ्यावी.

संदर्भ देताना ग्रंथालय, संग्रह, सूचीकाराचे नाव व सूचीतला क्रमांक, पत्रांक आणि पृष्ठबाजू, शक्य तर ओळ, अशी पूर्ण नोंद करावी. उदाहरणार्थ ‘मुंबई विद्यापीठ ग्रंथालय, भडकमकर स्मारक संग्रह, देवस्थळी सूची क्र. अमुक, पत्र १२ब, ओळ ४’. छापील पुस्तकाची आवृत्ती आणि साल सांगणे तितकेच आवश्यक आहे: मोल्सवर्थच्या १८३१ आणि १८५७ च्या आवृत्त्यांत पुष्कळ फरक आहे. वाचताना सूचीतली एखादी चूक ध्यानात आली, दोन कृती एकाच बासनात असून नोंद एकीचीच आहे किंवा ग्रंथकाराचे नाव चुकले आहे असे आढळले, तर ते पत्रांकासह कागदावर लिहून, खाली तारीख घालून ग्रंथपालांकडे द्यावे आणि त्या कागदाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.